एसी, गिझर, मोटर आणि एकच मेन स्विच: घरातल्या जड लोडच्या वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. आधी एसीवाले, मग मोटरवाले. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ‘लाईट सारखी जाते’वाले, आणि जानेवारीत गड्डा जत्रेच्या थंडीत गिझरवाले. सोलापुरात घरगुती वायरिंगची कामं करताना तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की ते एकदाचे लिहून काढले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. हे वाचून स्वतः डीबी, म्हणजे घरातल्या लाईनींच्या स्विचचा मुख्य डबा, उघडायला बसू नका. आपल्या घरात वायरमन काय करतोय आणि का करतोय, हे कळावं एवढ्यासाठी हे आहे.

१. जड लोड म्हणजे नेमकं किती? मिक्सर जड लोडमध्ये येतो का?

ढोबळ हिशेब असा: उपकरणावर लिहिलेले वॉट घ्या आणि २३० ने भागा. उत्तर अँपिअरमध्ये येतं. ५०० वॉटचा मिक्सर सव्वादोन अँपिअर घेतो आणि पाच मिनिटांत बंद होतो, त्यामुळे तो जड नाही. २००० वॉटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपिअर घेते. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर घेतो. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो, पण तो तासन् तास चालतो. वेळ महत्त्वाची, कारण वायर हळूहळू तापते. पाच मिनिटं १३ अँपिअर आणि रात्रभर ८ अँपिअर यांत दुसरा प्रकार जुन्या वायरिंगला जास्त छळतो.

माझा नियम साधा आहे: हजार वॉटच्या वरचं किंवा सलग तासभर चालणारं जे काही असेल, त्याचा विचार स्वतंत्र करायचा.

२. बाथरूममध्ये मोठ्या पिनेचा पॉइंट आधीच आहे. म्हणजे गिझर चालेल ना?

पॉइंटचं तोंड मोठं आहे एवढंच त्यावरून कळतं. मागे वायर कितीची आहे आणि ती कुठून आली आहे, हे कळत नाही. जुन्या कामांत मी अनेकदा पाहिलंय: १६ अँपिअरचा सॉकेट, आणि त्याच्या मागे शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाईटच्या बोर्डातून लूप करून आणलेली एक चौरस मिलिमीटरची वायर. दिसायला पॉवर पॉइंट, आतून दिव्याची लाईन.

तपासायची सोपी रीत आहे. डीबीतला दिव्या-पंख्याचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पाडा. गिझरचा पॉइंटही मेला, तर लाईन स्वतंत्र नाही. पॉइंट जिवंत राहिला तरी वायर कितीची आहे ते वायरमनला बोर्ड खोलून बघावंच लागेल.

३. कशाला कितीची वायर? एकदाच सांगून टाका.

दिवे-पंख्यांना दीडची. फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इस्त्री यांच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीचची. एसी, गिझर आणि लांबच्या मोटरला चारची. मीटरपासून डीबीपर्यंत सिंगल फेजच्या मध्यम घराला सहाची, दोन एसी असतील किंवा अंतर मोठं असेल तर दहाची. हे आकडे चौरस मिलिमीटरचे आणि तांब्याच्या वायरचे आहेत. वायरवर आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला असायला हवा.

दोन गोष्टींपासून सावध राहा. बाजारात अल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर मिळते. बंडल उचललं की हलकं लागतं, आणि टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. दुसरं, दीडच्या दोन वायरी एकत्र पिळून ‘तीनची झाली’ म्हणणारे भेटतात. एक जोड सैल झाला की सगळा करंट दुसरीवर जातो आणि एमसीबीला काही कळत नाही.

हिरवी वायर फक्त अर्थिंगची आणि काळी न्यूट्रलची. काळी संपली म्हणून कुणी हिरवी वापरली, तर काम तिथेच थांबवा.

४. एसीचा एमसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो, १६ चा काढून ३२ चा टाकू, कटकट मिटेल. टाकू का?

टाकू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

लोकांचा समज असतो की एमसीबी एसीला सांभाळतो. तो एसीला सांभाळत नाही आणि तुम्हालाही नाही. तो भिंतीतल्या वायरचा राखणदार आहे. वायर जेवढी सोसू शकते त्याच्या आत एमसीबी पडला पाहिजे, एवढंच त्याचं काम.

आता आकडे बघा. एमसीबीवर १६ लिहिलं म्हणजे १७ व्या अँपिअरला तो पडतो असं नाही. मानकानुसार त्याने आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर न पडता सोसायचा असतो, आणि १.४५ पटीला तासाभरात पडायचं असतं. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअरला गप्प राहतो आणि २३ ला पडायला तासही लावू शकतो. तेच ३२ च्या एमसीबीचं करा: ३६ अँपिअरला तो हलत नाही. भिंतीत अडीचची वायर आहे, जिची ताकद पाईपमध्ये साधारण २० अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ३६ अँपिअरला ती वायर २० च्या मानाने सव्वातीन पट तापते. प्लॅस्टिकचं आवरण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं. ते आधी कडक होतं, मग तडकतं, आणि एक दिवस पाईपमध्येच शॉर्ट होतो. या सगळ्या काळात घरात कटकट मिटलेलीच असते.

मग एमसीबी पडतो कशाने? क्लॅम्प मीटर लावून एसी चालू असताना करंट मोजायला सांगा. सात-आठ अँपिअर असूनही पडत असेल, तर बहुतेक एमसीबीच्या स्क्रूखालची वायर सैल आहे आणि ती गरमी एमसीबीत शिरते, किंवा एमसीबीच म्हातारा झालाय. एसी चालू करताक्षणी पडत असेल तर प्रश्न ७ पाहा. करंट खरोखर १८-२० दिसत असेल, तर त्या लाईनवर एसीशिवाय आणखी काहीतरी आहे. ते शोधून वेगळं करा. मोठा एमसीबी हवाच असेल, तर आधी वायर मोठी आणि मग एमसीबी मोठा. उलटा क्रम कधीच नाही.

जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणं हाही हाच प्रकार आहे, फक्त आपल्या आजोबांच्या काळातला.

५. आमचा एमसीबी दुपारीच पडतो. रात्री तोच एसी त्याच लाईनवर व्यवस्थित चालतो. असं कसं?

तुमची डीबी कुठे आहे? बहुतेक पश्चिमेच्या भिंतीवर किंवा जिन्याच्या पत्र्याखाली असेल. घरगुती एमसीबी ३० अंश तापमान धरून जुळवलेला असतो. आत वाकणारी धातूची पट्टी असते, आणि ती करंटने तापते तशी हवेनेही तापते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हातल्या डब्यात आणखी जास्त. मग १६ चा एमसीबी १६ च्या आतच पडू शकतो.

त्यात दुपारी एसी स्वतःही जास्त ओढतो. एसीवर लिहिलेले वॉट बाहेर ३५ अंश धरून मोजलेले असतात. आपल्याकडे मेमध्ये ३५ म्हणजे रात्री जेवणानंतरचं तापमान. गच्चीवर उन्हात बसवलेलं बाहेरचं युनिट लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त करंट घेणारच. डीबीला सावली करा, बाहेरच्या युनिटला चारही बाजूंनी हवा लागेल अशी सावली करा. या दोन गोष्टींनी माझ्या निम्म्या तक्रारी मिटतात.

६. पुण्याच्या पाहुण्यांकडे एसीला अडीचची वायर आहे आणि काही होत नाही. तुम्ही चारची का सांगता?

पुण्यातही मी चारचीच सांगेन, पण सोलापुरात कारण जास्त पक्कं आहे. वायरची ताकद ४० अंश हवेसाठी सांगितलेली असते. आपल्या घरांत पाईप गच्चीच्या स्लॅबमधून जातो, आणि मेच्या दुपारी स्लॅबवर अनवाणी उभं राहून बघा. पाईपच्या आसपास ५० अंश धरले, तर ७० अंशांच्या वायरची ताकद साधारण ८२ टक्क्यांवर येते. अडीचच्या वायरचे २० अँपिअर मग १६ होतात. त्याच पाईपमधून आणखी दोन जड लाईन गेल्या असतील, तर एकमेकींच्या उबेने ताकद अजून सात दशांशावर येते, म्हणजे ११ अँपिअर. आता त्यावर १६ चा एमसीबी काय राखणार?

म्हणून चारची, आणि जमलं तर एसीचा पाईप स्लॅबमधून न नेता भिंतीतून. एका पाईपात एकच जड लाईन. नवं घर बांधत असाल तर पाईप टाकताना खर्चाचा फरक किरकोळ असतो, नंतर भिंत फोडावी लागते.

७. बी आणि सी असे दोन प्रकार दुकानदार विचारतो. कुठला घ्यायचा?

अक्षर क्षणिक झटक्याबद्दल आहे. बी प्रकार आकड्याच्या ३ ते ५ पटीला क्षणात पडतो, सी प्रकार ५ ते १० पटीला. गिझर, शेगडी, दिवे यांना बी चालतो. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट झटका घेते, म्हणून पाण्याची मोटर आणि जुन्या पद्धतीचा एसी यांना सी लागतो. एक एचपीची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते आणि सुरू होताना ३५-४०. दहाचा बी तिथे पडू शकतो, दहाचा सी पडणार नाही. यासाठी आकडा वाढवायचा नसतो, अक्षर बदलायचं असतं.

८. एमसीबी आहे म्हणजे शॉक बसणार नाही ना?

बसेल. माणसाला धोका व्हायला अँपिअरचे काही शतांश पुरतात, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र आहे, आरसीसीबी. ते फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतं. फरक ३० मिलीअँपिअरवर गेला की क्षणात लाईन तोडतं. घराला ३० चाच घ्या. १०० चा किंवा ३०० चा आगीसाठी असतो, माणसासाठी नाही. इन्व्हर्टर एसी आणि हल्लीची वॉशिंग मशीन असलेल्या घरात ‘ए’ प्रकारचा मागा, कारण इलेक्ट्रॉनिक्समधली गळती साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला नेहमी कळतेच असं नाही.

दोन मर्यादा ध्यानात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला तुम्ही म्हणजे एक बल्बच वाटता. आणि आरसीसीबी जास्त लोडला पडत नाही, त्यासाठी एमसीबी सोबत लागतोच. दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ मिळतो. महाग आहे, पण गिझरच्या लाईनला मी तोच सुचवतो.

त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. अमावास्येला वाहन धुऊन पूजा करता, तेव्हाच हेही करा म्हणजे लक्षात राहतं.

९. आरसीसीबी बसवल्यापासून लाईट सारखी जाते. शेवटी काढून टाकला. चूक केली का?

हो. पण तुमचा वैताग समजतो. कारणं ठराविक आहेत, आणि ती शोधायला वायरमनचा अर्धा दिवस जातो.

आपल्याकडे पहिलं नाव गिझरचं. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर, पांढरा थर चढतो, आत तापून नळी तडकते आणि पाण्यात गळती सुरू होते. पाणी गरम होतच राहतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. गिझर बंद ठेवून दोन दिवस बघा.

दुसरं, इन्व्हर्टर. बॅटरीच्या लाईनचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठल्या तरी बोर्डात एकत्र केलेला असतो. करंट एका वाटेने जातो, दुसऱ्या वाटेने येतो, आरसीसीबीला ती गळती वाटते. तिसरं, पावसात गच्चीवरचा किंवा अंगणातला पॉइंट ओला होतो. चौथं कारण खरं तर दोष नाहीच: प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण थोडी गळती करतं, आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. अख्ख्या घराला एकच लावण्यापेक्षा दोन लावा, म्हणजे गळती वाटली जाते आणि एक पडला तरी घर अंधारात जात नाही.

१०. अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावला. छान पेटला. म्हणजे अर्थिंग चांगलं?

हा प्रयोग घरोघरी चालतो, आणि त्याने मन शांत होतं, बाकी काही नाही. शंभरचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थिंगचा रोध ४० ओहम, म्हणजे अगदीच वाईट असला, तरी बल्बच्या वाटेत १७ व्होल्ट कमी होतात. डोळ्याला ते कळत नाही. (आणि आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल, तेव्हा ‘अर्थिंग शॉर्ट आहे’ असा उलटा निष्कर्ष निघतो.)

आता गिझरच्या टाकीला फेज चिकटला असं समजा. पाच ओहमच्या, म्हणजे बऱ्या अर्थिंगमधून २३० भागिले ५, फार तर ४६ अँपिअर जाईल. १६ चा सी एमसीबी क्षणात पडायला ८० तरी हवेत. म्हणजे तो काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ उभा राहील आणि तोवर टाकीच्या अंगावर करंट असेल. ४० ओहमला तर जेमतेम पावणेसहा अँपिअर, एमसीबी कधीच पडणार नाही. म्हणून घरात नुसतं अर्थिंग किंवा नुसता एमसीबी पुरत नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी अशी जोडी लागते.

खरी तपासणी अर्थ टेस्टरने होते, आणि ती मेमध्ये करून घ्या. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम, दगड. काळी माती ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पाईपभोवती पोकळी राहते. ऑगस्टमध्ये ३ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये कितीतरी पट वर गेलेला मी स्वतः मोजलाय. कोळसा-मिठाचा पाईप असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायचं. आरओचं वाया जाणारं पाणी तिकडे वळवणं ही मला आवडलेली युक्ती, एका गिऱ्हाईकाच्या आईंनी सुचवलेली.

११. आमचं पेठेतलं जुनं माळवदाचं घर. अर्थिंगच नाही. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिला तर?

कधीच नाही. उद्या बाहेर कुठे न्यूट्रल सुटला, तर फ्रिज, गिझर, मशीन सगळ्यांच्या पत्र्यावर फेज येईल, आणि तेही उपकरण बंद असताना. नळाच्या पाईपला अर्थ जोडण्याचीही जुनी पद्धत आहे. पूर्वी लोखंडी नळ जमिनीत जायचे म्हणून ती कशीबशी चालली. आता मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा बसलेला असतो आणि अख्ख्या वाड्याच्या नळांना करंट येतो.

वाड्याच्या चौकात किंवा मागच्या बोळात एक पाईप ठोकायला जागा निघतेच. अडीच मीटरचा पाईप, त्यावर चार पट्ट्या फिरवल्या की चार बिऱ्हाडांचं काम होतं. तोवर निदान आरसीसीबी लावा. अर्थिंग नसलं तरी तो चालतो. फरक एवढाच की तो तुम्हाला झटका बसायला लागल्यावर पडतो, आधी नाही. माळवदात उघड्या लाकडी पट्टीतून जुनी वायर जात असेल, तर तिच्यावर एसी घालू नका. एसीसाठी भिंतीवरून स्वतंत्र पाईप घ्या.

१२. पाण्याच्या दिवशी मोटर सुरू केली की दिवे मंदावतात आणि मोटर नुसती गुरगुरते. मोटर गेली का?

बहुतेक नाही. पाणी आलं की अख्खी गल्ली एकाच वेळी बटण दाबते. व्होल्टेज १९० वर आलेलं असतं. त्यात हौद गेटाजवळ, डीबी आतल्या खोलीत, मध्ये ३० मीटर दीडची वायर. जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध पाऊण ओहम. सुरू होताना ३५-४० अँपिअर गेले की वायरमध्येच २५-२९ व्होल्ट संपतात, मोटरला १६५ च्या आसपास मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे जोर जवळपास निम्मा. ती फिरत नाही, गुरगुरते, आणि फिरत नाही तोवर तोच झटक्याचा करंट ओढत राहते. अशात वाइंडिंग जळते.

चारची वायर घातली की वायरमधली घट दहा-अकरा व्होल्टवर येते. मग कंडेन्सर तपासा, तो दर दोन-तीन वर्षांनी ढिला पडतो. पहिल्या तीन सेकंदांत फिरली नाही तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. ओल्या हाताने, अनवाणी, हौदाच्या काठावर उभं राहून प्लग खोचणं बंद करा. मोटरचा स्विच हौदापासून दूर, कोरड्या जागी आणि दोन्ही वायरी तोडणारा हवा.

नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, ते वेगळं. मी इथे हौदातून गच्चीवर चढवणाऱ्या मोटरीबद्दल बोलतोय.

१३. पत्र्याच्या कूलरला हात लावला की चिमटा बसतो. त्याचा लोड तर दोनशे वॉटच आहे.

लोड कमी म्हणून धोका कमी नसतो. ओला पत्रा, ओली फरशी, आत पाण्यात बुडालेला पंप, आणि बहुतेकदा दोन पिनांचा टॉप. चिमटा हा इशारा आहे. आत्ता प्लग काढा. तीन पिनांचा टॉप, पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवलेली हिरवी वायर, नवा पंप आणि आरसीसीबी असलेली लाईन. पाणी भरताना प्लग काढलेलाच असला पाहिजे, बटण बंद करून भागत नाही.

१४. पाणी तापवायचा रॉड लाकडी काठीला टांगून वापरतो. चालेल?

वापरू नका. तरीही वापरणारच असाल तर आरसीसीबीच्या लाईनवर, १६ च्या सॉकेटवर, आणि पाण्यात बोट घालून बघायच्या आधी प्लग बाहेर.

१५. बिलावर मंजूर भार दोन किलोवॉट आहे. दोन एसी घेतोय. वाढवावा लागेल का? थ्री फेज घ्यावं का?

वाढवावा लागेल. पण किती, ते सगळ्या उपकरणांची बेरीज करून ठरत नाही. जुळे सोलापुरातल्या एका नेहमीच्या घराचा हिशेब बघा: दोन एसी ३.२ किलोवॉट, गिझर २, इंडक्शन २, मायक्रोवेव्ह १.३, मोटर १.१, इस्त्री १, वॉशिंग मशीन आणि दिवे-पंखे अर्धा-अर्धा, फ्रिज ०.२. बेरीज ११.८ किलोवॉट, म्हणजे ५१ अँपिअर. सगळं एकदम कधीच चालत नाही. मेच्या रात्री दोन एसी, शेगडी, फ्रिज आणि दिवे मिळून ५.९ किलोवॉट, २६ अँपिअर.

गंमत अशी की त्या घराचा सगळ्यात जड क्षण उन्हाळ्यातला नाहीच. तो पाण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता येतो: मोटर, गिझर, शेगडी, इस्त्री, वॉशिंग मशीन, फ्रिज, दिवे. एकूण ७.३ किलोवॉट, ३२ अँपिअर. मेन ठरवताना मी नेहमी ती सकाळ धरतो. घरातल्यांनी इस्त्री आदल्या रात्री केली, तर तेवढाच भार हलका होतो.

दोन एसीच्या पुढे गेलात किंवा इलेक्ट्रिक कार घेणार असाल तर थ्री फेज घ्या. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मीटरच्या पुढची वायरिंग तुमची जबाबदारी असते, हेही ध्यानात असू द्या.

१६. थ्री फेज आहे. एक फेज गेला की फ्यूज काढून दुसऱ्या फेजवर टाकतो. त्यात काय बिघडलं?

तीन वायरींत वाटलेला लोड तुम्ही एका वायरवर आणला. मीटरपासूनची ती वायर आणि न्यूट्रल दोन्ही तीन जणांचं ओझं एकट्याने वाहतात. दिव्यांपुरतं, एसी-गिझर बंद ठेवून केलं तर ठीक. चेंजओव्हर स्विच बसवून आणि फक्त दिवे-पंखे त्यावर ठेवून केलं तर आणखी बरं.

थ्री फेजचा खरा शत्रू वेगळाच आहे: तुटलेला न्यूट्रल. तो सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. एका खोलीत बल्ब भगभगतात, दुसऱ्या खोलीत मंदावतात. असं दिसलं की काही न बघता मेन पाडा. ना एमसीबी वाचवतो ना आरसीसीबी. त्यासाठी जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं वेगळं यंत्र मिळतं. थ्री फेजच्या घरात मी ते घालतोच.

१७. लाईट गेल्यावर बेडरूमचा एसी इन्व्हर्टरवर चालेल का?

घरच्या नेहमीच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर नाही. गिझर, शेगडी, इस्त्रीही नाही. इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल वेगळाच ठेवायला सांगा, कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

१८. पूर्व भागात राहतो. खाली दोन माग, वर आम्ही. माग घरच्याच मीटरवर घेतले तर?

यंत्रमागाला वेगळी वर्गवारी आणि वेगळं मीटर आहे. घरगुती जोडणीवर माग चालवणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतं. पण मला दंडापेक्षा सुताच्या लवेची जास्त भीती वाटते. मागाच्या खोलीत ती डीबीत, स्विचमध्ये, मोटरच्या जाळीत साचते, आणि सैल जोडावर उडालेली एक ठिणगी तिला पुरते. मागाची आणि घराची डीबी वेगळी, शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांत, झाकण घट्ट बसणारी. आठवड्याला मेन पाडून ब्रशने लव काढायची. जिन्यात सुताची पोती रचलेली असतात, ती आधी हलवा. वरच्यांना उतरायची वाट तीच असते.

१९. इलेक्ट्रिक स्कूटर व्हरांड्यातल्या सॉकेटवर चार्ज करतो. चालेल?

स्कूटर चालेल, तिचा लोड हजार वॉटच्या आतबाहेर असतो. लाईन अडीचची आणि आरसीसीबीखालची हवी, सॉकेटला पावसापासून झाकण हवं. कारसोबत येणारा हाती चार्जर १६ च्या सॉकेटवरून साताठ तास जवळजवळ पूर्ण करंट ओढतो, त्याला चारची स्वतंत्र लाईन. भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअरचा, त्याला निदान सहाची, आणि आधी प्रश्न १५. दोन्हीत एक्स्टेंशन बोर्ड नको.

२०. भाड्याच्या घरात राहतो, मालक खर्च करायला तयार नाही. कमीत कमी काय करू?

तीन गोष्टी. आरसीसीबी लावून घ्या. घर सोडताना काढून नेता येतो. गिझर आणि शेगडी एकाच वेळी चालवू नका. एसी मल्टिप्लगवर लावू नका. आणि मालकांना प्रश्न ४ वाचायला द्या, घर त्यांचंच आहे.

२१. घरात अल्युमिनियमची जुनी वायर आहे. एसीची तांब्याची वायर तिला जोडली तर?

नुसतं पिळून, टेप मारून नाही. दोन धातूंचा जोड हवेतल्या ओलाव्याने गंजतो, तापतो, थंड होतो आणि सैल पडतो. त्यासाठीचे खास लग मिळतात. पण जड लोडसाठी जुन्या वायरला हातच लावू नका, डीबीपासून तांब्याची नवी लाईन ओढा.

२२. सॉकेट गरम लागतो, थोडा मासळीसारखा वास येतो. एमसीबी मात्र पडत नाही. काळजीचं आहे का?

तो वास तापलेल्या प्लॅस्टिकचा असतो, मासळीचा नाही. माझ्या स्वतःच्या घरी हे झालंय. गिझरच्या सॉकेटचा स्क्रू आवळायचा राहिला होता, दुसऱ्याचं घर असतं तर मी दोनदा तपासला असता. सैल जोडाचा रोध एक दशांश ओहम धरा. १३ अँपिअरला तिथे १७ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे जवळजवळ छोटी सोल्डरिंग इस्त्री सॉकेटच्या पोटात चालू. करंट तेराच असल्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक. आमच्या हिला वास आला म्हणून कळलं, तोवर पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं.

असं दिसलं तर त्या लाईनचा एमसीबी पाडा, मगच प्लग ओढा. सॉकेट आणि टॉप दोन्ही बदला, कारण एकाची जळलेली पिन दुसऱ्या नव्याला पुन्हा जाळते. वायरचं काळं पडलेलं टोक कापून नव्या तांब्यापर्यंत या. ज्वाळा दिसली तर पाणी नाही: मेन पाडायचा, कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा सिलिंडर, तो नसेल तर कोरडी वाळू, आणि फायर ब्रिगेडला १०१.